लंबकाचे घड्याळ आणि चांद्याचा उन्हाळा

इंग्लंडातील जुन्या उभ्या घड्याळाच्या पेटीस जी उंच, अरुंद आकृती लाभली ती यंत्राच्याच गरजेपोटी: इ. स. 1670 च्या सुमारास लंडनमध्ये नांगराच्या आकाराची अटक, म्हणजे चक्राचे दाते एकेक करून सोडणारा भाग, प्रचारात आली, तिच्या योगे लंबकाचा झोका थोड्याच अंशांत आवरला गेला, आणि दर झोक्यास एक सेकंद मोजणारा सुमारे 994 मिलिमीटर लांबीचा लंबक अरुंद पेटीत सुखाने मावू लागला. पुढे अठराव्या शतकात जॉर्ज ग्रॅहॅमने लंबकास पाऱ्याची जोड दिली, कारण उष्णतेने दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते, हे त्याने जाणले होते.

हा दोष लंडनपेक्षा आमच्या चांद्यास (चंद्रपुरास) कितीतरी अधिक जाचतो. येथे पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत 30 अंशांचे अंतर सहज पडते. तेवढ्याने साध्या पोलादी दांडीचे घड्याळ दिवसाला सुमारे 15 सेकंद, म्हणजे आठवड्यात पावणेदोन मिनिटे मागे राहते. लाकडी दांडी उष्णतेस फारशी जुमानत नाही, परंतु पावसाळ्याची दमट हवा तिला भोवते. म्हणून सरळ रेषेचे, मुरलेले, रोगण दिलेले लाकूडच तेथे चालते. घड्याळजीचे शास्त्र असे मुलखाच्या हवापाण्याशी जखडलेले असते, आणि ते हाताखाली बसूनच शिकावे लागते.

असे असता, टोल्यांचे जुने घड्याळ बंद पडताच आतील पितळी चक्रे भंगारात घालून तबकडीमागे सेलवरचे यंत्र बसविण्याची जी रीत पडली आहे, ती मला अत्यंत क्लेशदायक वाटते. आलापल्लीचे सागवान ज्या मुलखात वाढते, बल्लारपूरच्या आगारातून ज्याची ख्याती दूरवर गेली आणि चिचपल्लीस बांबूकामाचे रीतसर शिक्षण मिळते, तेथे पेटीची सुतारी व चक्रांची दुरुस्ती एकत्र शिकविणारा वर्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सरकारने अवश्य काढावा. शिकलेल्यांस काम कोण देणार, असा आक्षेप येईल. परंतु मुंबईच्या 1878 साली पुरे झालेल्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळासारख्या यंत्रांनाही जाणता हात लागतोच. वर्गाचे पहिले काम मात्र घरचेच असावे: चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील जुन्या कचेऱ्या व वाडे धुंडाळून प्रत्येक लंबकाच्या घड्याळाची नोंद दप्तरी करावी आणि तोवर एकाचेही यंत्र काढू नये, असा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावा.