फॉलिक ॲसिडची गोळी उशिरा पोचते

ओतूर असो की जुन्नर-आंबेगावातले दुसरे कुठले गाव, तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. पुढे घरोघरी गोड बातमी येते. पण तीन महिने उलटेपर्यंत ती बाहेर सांगायची नाही, असा रिवाज. मग आशाताईंना कळते, नोंदणी होते, कार्ड निघते, गोळ्या हातात पडतात. सरकारी व्यवस्थेचे उद्दिष्टही बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी व्हावी, एवढेच आहे. रक्तवाढीसाठी हे वेळापत्रक चालते. फॉलिक ॲसिडच्या सर्वांत मोठ्या कामाची वेळ मात्र तोवर निघून गेलेली असते.

हे काम म्हणजे गर्भाची मज्जानलिका, डॉक्टरांच्या भाषेत ‘न्यूरल ट्यूब’, नीट मिटण्यास मदत करणे. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींचा सपाट पट्टा तयार होतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. अशी जी नळी बनते, तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. हे सारे २८व्या दिवसापर्यंत आटोपते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींना दिवस गेल्याची खात्रीही नसते. नळीचे वरचे तोंड उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी घडत नाही, ते बाळ जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर ‘स्पायना बिफिडा’ होतो: पाठीवर फुगवटा, पायांत लुळेपणा, लघवी-शौचावर ताबा नसणे, कित्येकदा डोक्यात पाणी साचणे. शस्त्रक्रियेने पाठ बंद करता येते; गेलेल्या नसा परत आणता येत नाहीत.

मानवी गर्भात त्या दिवसांत डोकावणे शक्य नसल्याने यातले बरेचसे ज्ञान उंदरांच्या गर्भांवरून आले. उंदराचा गर्भकाळ १९-२० दिवसांचा. नळी साधारण आठव्या ते दहाव्या दिवसांत मिटते. मिटणे मानेच्या पातळीवर सुरू होते आणि वर-खाली पसरत जाते. ती वेळ हुकली की कडांना दुसरी संधी मिळत नाही. दोनशेहून अधिक जनुकांतले बिघाड उंदरांत ही नळी उघडी ठेवू शकतात. ‘स्प्लॉच’ जातीच्या उंदरांत फॉलिक ॲसिडने हा दोष कमी होतो. ‘कर्ली टेल’ जातीत त्याचा उपयोग होत नाही, तिथे इनॉसिटॉल उपयोगी पडते. फिट्सवरील व्हॅल्प्रोएट हे औषध गाभण उंदरिणीला दिले तर पिल्लांचे डोके उघडे राहू शकते. माणसातला धोका १९८२ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे लक्षात आला. आईचा अनियंत्रित मधुमेहही असाच घातक. म्हणजे फॉलिक ॲसिड हा रामबाण नव्हे. पण इतका स्वस्त आणि सिद्ध झालेला दुसरा उपाय हाताशी नाही.

या जीवनसत्त्वाचा शोध मुंबईशी जोडलेला आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे तिने दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९९१ मध्ये सात देशांतील चाचणीने निकाल दिला: आधीचे मूल असे जन्मलेल्या मातांनी गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्यास दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. अमेरिकेने १९९८ पासून पिठात ते मिसळणे सक्तीचे केले आणि तिथले प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने उतरले. भारतात मात्र उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित हिशेबाने हजार जन्मांमागे चारच्या आसपास बाळांत हा दोष आढळतो.

धोरणात उणीव नाही असे नाही, पण खरी उणीव ते राबवण्यात आहे. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडचा सल्ला स्पष्ट लिहिला आहे. ती गोळी नवविवाहितेच्या हाती कोणी, कधी ठेवायची, एवढेच ठरत नाही. आठवड्याच्या लोहगोळीत फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सुचवते २८००. मानकाप्रमाणे किलोभर पोषणयुक्त तांदळात ते ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम असते. पाव किलो तांदूळ शिजवून खाल्ला तरी पोटात जाणार फार तर तीसेक. बाजरीची भाकरी खाणाऱ्या घरात त्याहूनही कमी.

उपाय गावातच आहे. आशा आणि परिचारिका जननक्षम जोडप्यांची नोंद आधीपासून ठेवतात. पाळणा लांबवण्यासाठी जी नोंदवही उघडली जाते, तीच पाळणा हलण्याच्या तयारीसाठीही उघडावी. लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत, तांबी काढताना, गर्भनिरोधक गोळ्या थांबवताना फॉलिक ॲसिड द्यावे. ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी होते, तिथेही हे सांगता येईल. फिट्सचे औषध किंवा मधुमेह असलेल्यांनी दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. औषध मनाने बंद करू नये. आधी असे मूल झालेल्यांना जास्त मात्रा लागते, तीही सल्ल्यानेच घ्यावी.

सोबत बी-१२ कडेही पाहायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर मातांत बी-१२ कमी आढळले, फोलेटची कमतरता मात्र क्वचितच होती. बी-१२ नसेल तर शरीराला फोलेट नीट वापरता येत नाही. दूध, दही, अंडी परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, अशा घरांसाठी गोळीतच बी-१२ असावे.

ठरवून न राहिलेल्या गर्भांपर्यंत मात्र कुठलीच गोळी वेळेवर पोचणार नाही. त्यासाठी मिठात आयोडीन आले तसे रोजच्या अन्नात पुरेसे फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यायला हवे. तोवर सून घरात आली की तिला गोड बातमी विचारण्याआधी ती ही गोळी घेते का, हे घरच्यांनी विचारावे.