खाट कुठे रिकामी आहे, हे गाडीला आधी कळले पाहिजे

पेठ वडगावातून गंभीर रुग्ण हलवायचा झाला तर वाटा तीन. एक कोल्हापूरला सीपीआरकडे, दुसरी इचलकरंजीच्या इंदिरा गांधी रुग्णालयाकडे, तिसरी सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यांकडे. पैसेवाला माणूस आधी चार फोन करतो, ओळखीचा डॉक्टर गाठतो, मग गाडी हलवतो. वस्तीतल्या माणसाकडे असे फोन नसतात. दारात पोचल्यावर त्याला कळते की व्हेंटिलेटर रिकामा नाही, पेशंट पुढे न्या. डोक्याला मार लागलेल्याचे किंवा छातीत कळ आलेल्याचे मोलाचे तास या फेऱ्यांत जातात.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. तो आपल्या घराघरांत माहीत असायला हवा. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचे सभासद हकीम शेख रेल्वेतून पडले. डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालये झाली. कुठे सोय नव्हती, कुठे खाट नव्हती. शेवटी पदरचे पैसे मोडून खासगीत उपचार घ्यावे लागले. मग संघटना आणि शेख थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. हा मार्ग कलम ३२ ने दिला आहे आणि याच कलमाला बाबासाहेबांनी संविधान सभेत घटनेचा आत्मा म्हटले होते.

६ मे १९९६ रोजी निकाल लागला. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे म्हणजे कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग, असे न्यायालयाने म्हटले. पैसा नाही ही सबबही चालणार नाही, असे बजावले. शेख यांना २५ हजार रुपये भरपाई मिळाली. शिवाय, रुग्णाला लागणाऱ्या उपचाराची खाट जिथे रिकामी असेल तिथेच त्याला पाठवता यावे, म्हणून मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारावी, असेही सांगितले. इतर राज्यांनीही त्या दिशेने पावले टाकावीत, असा आदेश होता.

त्या काळी साधन होते टेलिफोनचे. आज महाराष्ट्रात १०८ ची सेवा आहे. २०१४ मध्ये ती ९३७ गाड्यांनी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो, गाडीला जीपीएस असते, त्यामुळे ती कुठे आहे हे नकाशावर दिसते. त्याच नकाशावर प्रत्येक रुग्णालयाची स्थितीही दिसली पाहिजे: अपघात विभागात जागा किती, व्हेंटिलेटर मोकळा आहे का, सीटी स्कॅन चालू आहे का, सर्पदंशाची लस शिल्लक आहे का. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, मुंबई महापालिकेने वॉर्डावॉर्डांत वॉर रूम उघडून खाटांचे वाटप केले. म्हणजे मनावर घेतले तर हे जमते.

दोन गोष्टींची खबरदारी मात्र हवी. माहिती दर तासाला भरायला ठरलेला माणूस पाहिजे. आधीच दमलेल्या नर्सताईंवर हे काम टाकले तर नकाशा खोटा बोलेल. दुसरे, नकाशावर खाटा भरलेल्या दिसल्या म्हणून दारातला रुग्ण परत पाठवता कामा नये. आधी प्रथमोपचार, प्रकृती स्थिर करणे, मग पुढच्या रुग्णालयाशी बोलून रवानगी, हाच क्रम असला पाहिजे.

तोवर आपण काय करायचे? शक्यतो १०८ लाच फोन करा. गाडीतल्या डॉक्टरांना निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाशी बोलायला सांगा. कुणी नाकारले तर कारण, वेळ आणि तारीख कागदावर मागा. दिले नाही तर आपण लिहून ठेवा. असे कागद गोळा करून जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे नकाशाची मागणी करा. निवेदनात १९९६ च्या निकालाचा उल्लेख जरूर करा. आपण मेहेरबानी मागत नाही, न्यायालयाने सांगितलेले काम करा म्हणतो आहोत.