जुने ईमेल उडवून पाणी वाचतं का? आधी हिशोब करा, मग फॉरवर्ड करा



ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडात पाण्याची टंचाई झाली. तिथल्या सरकारी दुष्काळ गटाने लोकांना पाणी वाचवायचे उपाय सांगितले. संडासाची गळती थांबवा, पावसाचं पाणी साठवा, ही यादी आपल्या ओळखीचीच. पण तिच्यात आणखी एक उपाय होता: जुने ईमेल आणि फोटो डिलीट करा. कारण काय, तर हे सगळं डाटा सेंटरमध्ये साठतं आणि ती यंत्रं थंड ठेवायला पाणी लागतं.

ही बातमी आपल्याकडच्या ग्रुपवरही फिरली. काहींनी हसून सोडून दिली. काही घाबरले. एकाने तर विचारलं, "सर, मग आपण धंद्याचे व्हिडिओ टाकणं बंद करावं का? पर्यावरणाचं नुकसान होतंय म्हणतात."

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. चौसाळ्यात बसून, टँकर किती वाजता येणार याची चौकशी करणाऱ्या बाईला "ताई, व्हॉट्सअॅपचे फोटो उडवा" असं कोण सांगेल? पण रागाने धंदा होत नाही आणि हसण्यानेही होत नाही. धंदेवाल्याने बातमी आली की वही काढायची. चला, काढू.

आधी खरं काय ते

डाटा सेंटर वीज आणि पाणी खातात, हे खोटं नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज डाटा सेंटरनी वापरली, आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून जास्त होईल. एआय हे त्याचं मोठं कारण. गूगलने स्वतःच्या अहवालात २०२३ सालचा पाण्याचा वापर ६१० कोटी गॅलन सांगितला, म्हणजे साधारण २,३०० कोटी लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती ५ लाख लिटर पाणी घेऊन आली होती. अशा ४६ हजार गाड्या डोळ्यांसमोर आणा.

आणि हे फक्त परदेशात नाही. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात मोठमोठी डाटा सेंटर उभी आहेत. म्हणून त्या कंपन्यांना "पाणी कुठलं घेता, वीज कुठली घेता, सांडपाणी परत वापरता का" हे विचारायलाच पाहिजे. ते विचारणं सरकारचं काम आहे आणि नागरिक म्हणून आपलंही.

मग ईमेल उडवून काय होतं?

जवळपास काहीच नाही. डाटा सेंटरमध्ये उष्णता होते ती यंत्रं काम करतात तेव्हा. पडून राहिलेला फोटो फार कमी वीज खातो. इंग्लंडच्या त्याच यादीत एक आकडा होता: गळक्या संडासातून दिवसाला २०० ते ४०० लिटर पाणी वाया जातं. म्हणजे खरा उपाय त्याच कागदावर होता, पण बातमी झाली ईमेलची. चमत्कारिक गोष्ट पळते, कामाची गोष्ट बसून राहते. मार्केटिंग शिकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, आणि फसू नये.

फोनमधले गुड मॉर्निंगचे फोटो जरूर उडवा. फोन हलका होईल, ग्राहकाचा मेसेज पटकन सापडेल. पण त्याने विहिरीला पाणी येणार नाही.

व्हिडिओचा हिशोब

२०१९ मध्ये अशीच एक बातमी आली होती: अर्धा तास ऑनलाइन व्हिडिओ पाहणं म्हणजे गाडी सहा किलोमीटर चालवण्याइतकं प्रदूषण. आकडा द शिफ्ट प्रोजेक्ट या फ्रेंच संस्थेचा. पुढे २०२० मध्ये त्यांनीच दुरुस्ती केली. बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती, आकडा आठपट फुगला होता. दुरुस्ती किती जणांपर्यंत पोहोचली? तुम्हीच सांगा.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशोब असा: एक तास व्हिडिओला सरासरी ०.०७७ युनिट वीज. आपला जुना ७५ वॅटचा छताचा पंखा तासाला तेवढीच खातो. आणि त्यातला मोठा वाटा डाटा सेंटरचा नाही, तर बघणाऱ्याच्या टीव्ही-फोनचा.

आता तुमच्या धंद्यावर लावा. समजा तुम्ही मसाल्याचा १० मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि १,००० जणांनी पूर्ण पाहिला. झाले साधारण १६७ तास, वीज लागली १३ युनिटच्या आसपास. तुमच्या कांडपाची ५ एचपीची मोटर साडेतीन तास चालली की तेवढीच वीज जाते. एवढ्यात हजार माणसांपर्यंत माल पोहोचला!

दुसरी बाजू बघा. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या देशातल्या विजेच्या हिशोबाने तेवढ्यात ४० तासांच्या आसपास व्हिडिओ होतो. सॅम्पल दाखवायला चौसाळ्याहून बीडला मोटरसायकलवर मारलेली एक चक्कर व्हिडिओ कॉलवर भागली, तर खिशातले पैसे वाचले आणि धूरही वाचला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: व्हिडिओ बंद करू नका, फालतू चकरा बंद करा.

आणि हो, नव्या फोनचा मोह आवरा. फोनचं प्रदूषण मुख्यतः तो बनतानाच होऊन जातं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला तो फक्त २२.३ टक्के. "चॅनल सुरू करायचंय, आधी भारी फोन घेतो" म्हणणाऱ्यांनो, आहे त्या फोनवर पहिले ५० व्हिडिओ करा. बॅटरी उतरली असेल तर बॅटरी बदला. नव्या फोनच्या हप्त्याच्या पैशात पॅकिंगचं मशीन येतं.

इथे खरा धोका आहे

अशा बातम्या वाचून काही जण लगेच पाकिटावर छापतात: "१०० टक्के पर्यावरणपूरक." थांबा. १५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा खोट्या हिरव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दावा केला तर पुरावा हवा. नुसतं "हिरवं", "निसर्गस्नेही" लिहून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. लहान धंदा एका दंडात बसतो, पुन्हा उठत नाही.

त्यापेक्षा जे खरं आहे ते लिहा. "आम्ही कापडी पिशवीत माल देतो." "रिकामी बरणी परत आणा, १० रुपये कमी." ग्राहकाला हे दिसतं, मोजता येतं, आणि म्हणून पटतं.

या आठवड्याचं काम

तुमच्या धंद्यात पाणी कुठे जातं ते बादलीने मोजा. जारच्या पाण्याचा धंदा असेल तर आरओमधून एक बादली शुद्ध पाणी भरेपर्यंत किती बादल्या वाया जातं, ते वहीत लिहा. ते पाणी भांडी-जमीन धुवायला वळवता येतं का बघा. हॉटेल असेल तर जग भरून ठेवा, अर्धे ग्लास ओतून देऊ नका. गिरणी किंवा कांडप असेल तर मोटर रिकामी किती वेळ फिरते ते बघा. सात दिवसांचा आकडा काढा आणि त्याला ५२ ने गुणा.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याची किंमत इंग्लंडच्या सरकारने शिकवायची गरज नाही. आपल्याला सवय कमी आहे ती मोजायची आणि मोजून ठरवायची. पुढची धक्कादायक बातमी ग्रुपवर येईल तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा: हा आकडा कुणाचा? आणि माझ्या धंद्यात तो किती रुपयांचा, किती लिटरचा?

तुमचा सात दिवसांचा आकडा व्हिडिओखाली लिहून टाका. चांगला असो, वाईट असो, खरा लिहा. त्यावर आपण पुढच्या भागात बोलू.