खरवस पाहुण्यांना, वाढे वासराला!

वारणाकाठच्या ऊसपट्ट्यातील तमाम गोठेमालकांना जाहीर आवाहन

परवा गावच्या दूध संस्थेत एक संकरित कालवड भरवायला आणली. वय दोन वर्षे. छातीला वजनपट्टी लावली, तर जेमतेम पावणेदोनशे किलो. अशी कालवड पंधरा ते अठरा महिन्यांत अडीचशे किलोंवर जायला हवी. डॉक्टरांनी कांडी बाहेर काढलीच नाही. मालकाने उलट त्यांच्यावरच आवाज चढवला. कालवडीचे केस राठ, पोट घागरीसारखे, आणि हा सगळा वाद चालू असताना ती बाजूला उभी राहून स्वतःचे दावे चघळत होती. फॉस्फरस कमी पडलेले जनावर असेच चिंधी, माती, भिंत काहीही चाटते.

हे एका गोठ्याचे नाही. कारखाने सुरू झाले की गावोगाव वासरांपुढे वाढे पडतात. वाळल्या वजनात त्यांत प्रथिने शंभराला पाच-सहा. वासराच्या खुराकात हवीत वीस ते चोवीस. शिवाय वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. मग हाड धरणार कुठून?

उपासमार तर पहिल्याच दिवशी सुरू होते. गाईच्या पोटात असताना वासराला रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही. ती चिकातूनच मिळते, आणि ती शोषून घेणारे आतडे दिवसभरात बंद होत जाते. तीस किलोंच्या वासराला त्या दिवशी तीन लिटर चीक हवा, पहिला घोट दोन तासांच्या आत. पण चीक जातो खरवसाला, घरोघरी डब्यांतून! ज्याचा तो हक्काचा, त्याच्या तोंडी उरलेसुरले.

खनिज मिश्रण द्या म्हटले, की उत्तरे तयार. ‘आजोबांनी कुठे मिक्श्चर दिले होते?’ आजोबांची खिलार दिवसभर माळावर दहा प्रकारचा पाला खायची. दावणीच्या होल्स्टीनला तो कोण आणून देणार? ‘मिठाचा खडा ठेवलाय की.’ मिठात फॉस्फरस नसतो, तांबे नसते, जस्तही नसते. महागाईची तक्रार तर ऐकूच नये: रोज पंचवीस ग्रॅम म्हणजे महिन्याला पाऊण किलो. तंबाखूला पैसे पुरतात ना?

आता कामाचे. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर, मूठभर, मग वाढवत न्यावे. समोर स्वच्छ पाणी. जंताचे औषध वासरू दहा-पंधरा दिवसांचे असताना, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, डॉक्टरांना विचारून. खनिज मिश्रण लहान वासराला 20 ते 25 ग्रॅम, मोठ्या कालवडीला 50, आयएसआय शिक्का पाहूनच. बांधावर मेथीघास, शेवरी लावावी. बुरशीची पेंड नको. लहान वासराला सरकी नको, युरिया तर मुळीच नको.

गावात वजनपट्टी पहिल्यांदा आणली ती याच संस्थेने, हे सांगायला संकोच कसला! येत्या सोमवारी सकाळचे दूध संकलन आटोपले की आवारात मोजणी होईल. कालवडी आणाव्यात, पारड्याही. दावे चघळणारी असेल, तर तिला रांगेत पुढे घेतले जाईल.