बाराखडी थोडी थांबू द्या

आपल्या मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गात नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात बाराखडीचा तक्ता पडतो. पस्तीसेक व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे चारशेच्या वर चौकटी. त्यात ‘ढौ’ आहे, ‘थः’ आहे. जन्मात कधी लागणार नाहीत अशी अक्षरंही मूल इमानेइतबारे घोकतं. ‘ज्ञ’पर्यंत पोहोचता पोहोचता वर्ष सरतं आणि तोवर त्याने मराठीतलं एक वाक्यसुद्धा स्वतःहून वाचलेलं नसतं. पुढच्या सप्टेंबरात यातली बरीच मुलं शनिवारी फुटबॉलला जाऊ लागतात. दोष फुटबॉलचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हीच मुलं सोमवार ते शुक्रवार इथल्या शाळेत अगदी वेगळ्या रीतीने वाचायला शिकतात. इंग्लंडमध्ये १९९८च्या साक्षरता कार्यक्रमात, शब्द अडला तर चित्रावरून किंवा वाक्याच्या ओघावरून अंदाज बांधायलाही वाव होता. २००६ साली जिम रोझ यांच्या अहवालाने तो मार्ग मागे सारला आणि फोनिक्स, म्हणजे ध्वनी जोडत वाचणं, पुढे आणलं. बहुतेक शाळांत सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी होते आणि थोड्याच आठवड्यांत मूल ‘पिन’, ‘टॅप’ वाचू लागतं. सव्वीस अक्षरं पुरी होईपर्यंत कोणी थांबत नाही. २०१२पासून इयर वनच्या शेवटी चाचणीही असते: ४० शब्द, त्यातले २० निरर्थक. निरर्थक शब्दाशेजारी विचित्र प्राण्याचं चित्र असतं. मूल पाठ केलेलं म्हणतंय की खरोखर अक्षरं जोडतंय, ते त्यातून कळतं. मायकेल रोझेन यांच्यासारखे बालसाहित्यिक या प्रकारावर सतत टीका करत आले आहेत. अर्थाशिवाय वाचन कसलं, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. आपल्या वर्गाला तर तो जास्तच लागू पडतो. पण ते पुढे.

इंग्रजीसारख्या बेभरवशाच्या स्पेलिंगच्या भाषेत ही मंडळी ध्वनी धरून शिकवतात, आणि जिथे अक्षर आणि उच्चार बहुतेक ठिकाणी हातात हात घालून चालतात त्या देवनागरीत आपण घोकंपट्टी करतो. क, म, न, र आणि काना एवढंच घ्या. काम, कान, नाक, मान, मका, राम, काका, मामा, नाना. पहिल्याच महिन्यात मूल ‘काका, काम करा ना!’ वाचतं आणि वर मान करून हसतं, कारण त्याला ते कळलेलं असतं. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्थेत वाचन-लेखनाच्या शिकवण्यावर जे काम उभं केलं, त्यातही मोजक्या अक्षरांतून लगेच अर्थपूर्ण शब्दांकडे जाण्यावर भर होता. आणि ‘ग म भ न’ आठवतंय ना? आपल्याकडेही वळणाला सोपी अक्षरं आधी घ्यायची रीत होतीच. ‘क’पासूनच सुरुवात करायची हा काही वेदवाक्याचा भाग नाही.

क्रम आपल्या हातात आला की अडचणींचीही सोय लावता येते. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. डावीकडून ध्वनी जोडत जाणारं इथलं मूल ‘किती’ला सरळ ‘इकती’ म्हणतं. त्यात त्याचं काय चुकलं? म्हणून दुसरी वेलांटी आधी घ्यावी: मी, ती, आजी, गाडी, पाणी. पहिली नंतर आली तरी काही बिघडत नाही. रफार तर आणखी लांब ठेवावा.

आता अर्थाचं. गफ आणि टनमर यांनी १९८६मध्ये मांडलं की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. आपली काही मुलं ‘ओसरी’, ‘रहाट’, ‘शिंकाळं’ खडाखडा वाचतात आणि त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च वेगळा, हेही शब्द आधी कानावर पडलेला असेल तरच समजतं. म्हणून पहिल्या वर्षाचे शब्द घरातलेच हवेत: पोळी, डबा, मोजे, आजोबा, चल, नको.

‘आम्ही नाही का बाराखडी घोकून शिकलो?’ असं पालकसभेत हमखास ऐकू येतं. शिकलात, पण एसटीच्या पाट्या, दुकानांची नावं, वर्तमानपत्र आणि दिवसभर कानावर पडणारी मराठी तुमच्याभोवती होती. इथे आठवड्याला दीड तास. सुट्ट्या वगळल्या तर वर्षाला साठ तासही भरत नाहीत. त्यातले चाळीस तक्त्यावर घालवायची चैन आपल्याला परवडणारी नाही.

राहिलं शुद्धलेखन. मूल लिहितं, ‘आजिने मला पानि दिल.’ आपण तीन-चार लाल गोल करतो. त्यापेक्षा बघावं की कुठली चूक कानाची आहे. ‘पानि’तला न कानाचा आहे, तो तोंडी, पुन्हा पुन्हा ‘पाणी’ म्हणवून घेऊन आत्ताच सुधारावा. ‘दिल’ आणि ‘दिलं’चंही तसंच. वेलांट्या मात्र सोडून द्याव्यात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, ‘फूल’ पण ‘फुलाला’, हे ज्या १९६२च्या नियमांत बसवलं आहे ते कानाला कळत नाही; ते डोळ्याला सवयीने आणि बुद्धीला नियमाने कळतं, आणि त्यासाठी आधी पुष्कळ वाचलेलं असावं लागतं. (त्या नियमांआधी शिकलेल्यांच्या पत्रांत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार सापडतात. तेव्हा तेच शुद्ध होतं.) सहा वर्षांच्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घात पकडलं की ते लिहिणंच थांबवतं. लाल पेन तिसऱ्या वर्षापासून काढावं.

समितीपुढे माझी मागणी एवढीच आहे. यंदा एका तुकडीला तरी अक्षरगटांनी शिकवू द्या. वर्षअखेर परीक्षा घ्यायचीच असेल तर बाराखडी म्हणून दाखवायला सांगू नका. मुलांनी आधी न पाहिलेल्या आठ-दहा ओळी द्या आणि वाचून झाल्यावर त्यात काय घडलं ते विचारा. दोन्ही तुकड्यांना एकच उतारा द्या, म्हणजे वाद घालायला जागा उरणार नाही.