पाट कोणाचा, घाम कोणाचा?

सासवडच्या माळ्यांनी नगर जिल्ह्यातील उजाड माळाचे नंदनवन केले, ही कथा बागाईतदारांच्या सभा-समारंभांतून नित्य सांगितली जाते. कथा खोटी नव्हे; ती अर्धी आहे.

नीरेच्या डाव्या कालव्यावर १८८५ नंतर सरसावलेले हे शेतकरी पुढे गोदावरीच्या कालव्यांवर कोपरगावकडे आणि प्रवरेचे पाट निघताच बेलापूरच्या टापूत उतरले. उसाला खत, बैल, मजुरी यांसाठी रोकड लागे. ती स्थानिक जिरायतदाराकडे नव्हती. त्याची जमीन खंडाने घेऊन त्यांनी मळे उभे केले, गुऱ्हाळे चालविली. कसब, भांडवल आणि सोयरीक यांनी बांधलेली ही वसाहत होती. याच शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये सोलापूर जिल्ह्यात माळीनगरचा साखर कारखाना स्थापन केला. हे कर्तृत्व निर्विवाद आहे.

परंतु पाणी कोणाचे? १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण सरकारी तिजोरीतून, अकोले तालुक्याच्या आदिवासी मुलखात बांधले गेले. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारकडे तळी-धरणे मागितली, ती साऱ्या कुणब्यांसाठी, एका पिकासाठी नव्हे. फुल्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी तेवढी पाने तरी वाचावीत!

आणि माळ ‘उजाड’ होता म्हणजे काय? तेथे बाजरी पिकत होती, माणसे जगत होती. दक्षिण अमेरिकेत पॅराग्वेच्या चाको प्रदेशात १९२७ साली कॅनडाहून आलेल्या मेनोनाइट पंथीय शेतकऱ्यांनी वसाहत वसविली. तिचेही असेच पोवाडे गायिले जातात. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या वावरणारे आदिवासी तेथेच मजूर झाले, हे त्यांत येत नाही.

नगरमध्ये साखर कंपन्यांनी खंडाची ही रीत हजारो एकरांवर नेली. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा झाला, १९६३ मध्ये शेती महामंडळ निघाले. कंपनी गेली, सरकार आले, खंडकरी मात्र होता तेथेच राहिला. आपली जमीन परत मिळण्यासाठी त्याला सुमारे अर्धशतक झगडावे लागले. महामंडळाच्या मळ्यांवर आयुष्य काढलेल्या शेतमजुराला त्या वाटपात कोणी विचारले?

ऊस तोडतो कोण, हे तर कथेत येतच नाही. पाथर्डी-शेवगावातून, बीडमधून नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ मुकादमाची उचल घेऊन येतो, हंगामभर कोपीत राहतो. एक दिवस आजारी पडला तर खाडा धरला जातो. प्रवरेच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या बिलात त्याच्यासाठी तोडणीचा दर तेवढा आहे. पाण्यावर हक्क जमिनीच्या मालकीने ठरतो, आणि त्याच्या गावच्या कोरडवाहू तुकड्यापर्यंत हा पाट जात नाही.