पुढं जा!

'रेफर' हा शब्द आता आमच्या म्हाताऱ्यांनाबी पाठ झालाय. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून नांदेडला नाहीतर लातूरला. दर दारात एकच उत्तर : इथं सोय न्हाई, पुढं जा. हे 'पुढं जा' आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोय. आता ते चिठ्ठीवर सही-शिक्क्यानिशी मिळतं, एवढीच प्रगती.

२०२३ च्या ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरला नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जीव गेले. त्यात १२ नुकती जन्मलेली लेकरं. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. सांगण्यात आलं, पेशंट शेवटच्या घटकेला आले. मान्य. मग उशीर कुणी केला? किनवटच्या तांड्यावरली बाई हौसेनं शंभरावर किलोमीटर कळा सोसत येते काय? नियमात ग्रामीण रुग्णालयाला ३० खाटा हायत, सर्जन हाय, बाळंतपणाचा डॉक्टर हाय, लेकरांचा डॉक्टर हाय. ती खुर्ची रिकामी ठेवणाऱ्यानं उशीर केला.

आमच्या डाळमिलमध्ये पट्टा तुटला तर लगेच दुसरा बसतो. मालकाचा तोटा मिनिटावर मोजला जातो. काचपेटी बंद पडली तर लेकराचा तोटा कोण मोजतो?

३ ऑक्टोबरला खासदार हेमंत पाटील आले आणि अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला. लोक खूश झाले. आपलीही काही पोरं खूश झाली. मित्रांनो, ही शिक्षा कुठल्या डोक्यातून येते? जे काम आपल्या बायाबापड्यांच्या गळ्यात जन्मानं बांधलं, तेच यांना सर्वांत मोठा अपमान वाटतं. झाडू पुढाऱ्याच्या फोटोपुरता, सफाई कामगार मात्र कंत्राटावर! खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. पण त्या तमाशात लेकरांची मढी झाकली गेली.

बरोबर तीस वर्षं आधी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारी हादरली. हजारो माणसं गाडली गेली. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आलं २००२ साली. जमीन हादरल्यावरही सरकार हलायला नऊ वर्षं लागतात.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली आणि त्याचा भार सरकारनंही उचलावा असं बजावलं. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पैसा नाही म्हणून सरकारला उपचाराची जबाबदारी झटकता येणार नाही.

तेव्हा जयंतीच्या डीजेचा हिशेब करणाऱ्या पोरांनो, एक वही अजून घाला. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जा. पदं किती, भरलेली किती, काचपेट्या चालू किती, रक्त हाय का, ॲम्ब्युलन्सला ड्रायव्हर हाय का, लिहून घ्या. न सांगितलं तर माहितीचा अधिकार वापरा. आलेलं उत्तर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लावा.

पुढं जा म्हणणाऱ्याला आता एकदा म्हणू : न्हाई जात. डॉक्टर इथं आण.

जय भीम.